मेंटॉर कोण होता?

नॅकच्या २०१७च्या चौकटीने महाविद्यालयांकडे मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर मागितले आणि घोडनदीकाठच्या शिरूरपासून भीमाकाठच्या दौंडपर्यंत हा ग्रीक म्हातारा कागदोपत्री रुजू झाला. शब्द परका आहे, ही आमची तक्रार नाही. साहित्य शिकविणारेही तो न वाचता वापरतात, ही आहे.

'ओडिसी'तील मेंटॉर हा इथाकेचा वृद्ध. ट्रॉयला निघताना ओडिसियसने घरदार त्याच्या हवाली केले. पुढे पेनेलोपीच्या मागणीदारांनी त्याच घरात ठाण मांडले, गुरे कापून खाल्ली. दुसऱ्या सर्गात मेंटॉर भरसभेत उठतो आणि मूठभरांपुढे गप्प बसणाऱ्या बहुसंख्य गावकऱ्यांना खडसावतो. लिओक्रिटस त्याची हेटाळणी करून सभाच मोडतो. संपले! तरुण टेलेमॅकसला वाट दाखवते ती अथीना. मेंटॉरचे तिने फक्त रूप घेतलेले असते. 'मेंटॉर म्हणजे गुरू' हा अर्थ रूढ झाला तो मुख्यतः फेनेलाँ या फ्रेंच लेखकाच्या टेलेमॅकसवरील १६९९च्या कादंबरीमुळे. तिथेही म्हाताऱ्याच्या आत देवीच आहे.

नावाची व्युत्पत्ती मात्र आपल्या घरची निघते. 'मन्' धातूशी, म्हणजे मंत्र आणि मंत्री यांच्याशी त्याचे नाते सांगतात. संस्कृतातील 'मन्तृ' हा त्याचा भाऊबंद. त्यातला प्रत्यय मधोमध कापून 'मेंटी' घडविणाऱ्यांना काय म्हणावे? असो.

शब्दांचे अर्थ बदलतात, हे आम्हांस मान्य आहे. पण इथे अर्थ बदललेला नाही, तो रिकामा झाला आहे. पुढच्या जूनमध्ये आपण या गावात असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, अशा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या नावापुढे विद्यार्थ्यांची यादी चिकटवायची, सह्या घ्यायच्या, फाईल बंद करायची. उसाच्या पट्ट्यातून एसटीने येणारी, घरातली पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी त्या यादीत एक अनुक्रमांक असते. रूप मेंटॉरचे, आत अथीना नाही. जागा भरा म्हणून भरसभेत उठणाराही कोणी नाही, म्हणजे होमरच्या हतबल म्हाताऱ्याइतकेही आमच्याने होत नाही.

इंग्रजी विभागांनी तरी पुढच्या बैठकीत सह्यांआधी मेंटॉरचे ते भाषण वाचून दाखवावे. मुळात ते अवघ्या तेरा ओळींचे आहे.