नवऱ्याची वही, बायकांचा डाव

जुनी गाजलेली मालिका नव्या रूपात आली, की घराघरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "जुन्याची सर नाही हो याला!" दुसरा म्हणतो, "जुन्यात एवढं होतं तरी काय? सगळं संथ!" रामायण-महाभारत नव्याने छोट्या पडद्यावर आलं तेव्हा आपल्याकडेही ही जुंपली होतीच. इंग्लंड-अमेरिकेत ती जुंपते पोलिसी आणि गुन्हेगारी मालिकांवरून. 'चार्लीज एंजल्स' ही १९७६ सालची मालिका. तिच्यावर २०००, २००३ आणि २०१९ असे तीन चित्रपट निघाले. 'मायामी व्हाइस' २००६ मध्ये मोठ्या पडद्यावर आली, 'द स्वीनी' २०१२ मध्ये. दर वेळी तोच वाद, तेच सुस्कारे.

पण या रांगेतला एक चित्रपट असा आहे, की त्याच्यावरची चर्चा आपण बायकांनी जरा थांबून ऐकावी. चित्रपटाचं नाव 'विडोज', म्हणजे विधवा. साल २०१८.

मूळ मालिका १९८३ मधली. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर तिचे सहा भाग झाले. लिहिणारी लिंडा ला प्लांट ही तोवर छोट्यामोठ्या भूमिका करणारी नटी होती. पोलिसी मालिकांत बायकांच्या वाट्याला काय येतं, हे तिने जवळून पाहिलेलं. एक तर खून झालेली बाई, नाही तर रडणारी बायको, नाही तर गुन्हेगाराच्या गळ्यात पडलेली पोरगी. तिने सरळ उलटा डाव मांडला. दरोडेखोर नवरे पहिल्याच प्रसंगात मरतात आणि मालिका त्यांच्या बायकांची होते! अशा कथेवर पैसे लावायला हिंमत लागते. ती दाखवली युस्टन फिल्म्स या निर्मितीसंस्थेने, आणि तिथे सूत्रं होती व्हेरिटी लँबर्ट या बाईंच्या हाती. हीच लिंडा पुढे १९९१ मध्ये 'प्राइम सस्पेक्ट' लिहून गेली. हेलन मिरेनने रंगवलेली त्यातली पोलीस अधिकारी जेन टेनिसन आजही लोकांच्या लक्षात आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. हॅरी रॉलिन्स हा लंडनमधला मुरलेला दरोडेखोर. पैशांच्या गाडीवर दरोडा घालताना स्फोट होतो आणि तो साथीदारांसकट जळून मरतो. त्याची बायको डॉली मध्यमवयीन, नीटनेटकी, टापटिपीची. मूलबाळ नाही, एक लाडका कुत्रा. हॅरीला एक सवय होती. केलेल्या आणि करायच्या सगळ्या कामांची नोंद तो वह्यांमध्ये ठेवायचा आणि वह्या बँकेच्या तिजोरीत. त्या वह्या आता डॉलीच्या हाती येतात. पोलिसांना त्या हव्यात, गुंडांनाही हव्यात. डॉली मात्र दोघांनाही देत नाही. ती फटकळ लिंडाला आणि कोवळ्या, देखण्या शर्लीला, म्हणजे बाकीच्या दोन विधवांना बोलावते आणि म्हणते, नवऱ्यांचं अर्धवट राहिलेलं काम आपण पुरं करू. चौथी बेला त्यांना नंतर येऊन मिळते.

ब्रिटनमध्ये ही मालिका तुफान चालली. १९८५ मध्ये तिचा दुसरा भाग आला, १९९५ मध्ये 'शीज आउट' नावाने तिसरा. अॅन मिचेलने साकारलेली डॉली तिथल्या बायकांना आपलीशी वाटली. का वाटली असेल? ती सुंदर नव्हती, तरुण नव्हती, बंदूक फिरवून ऐट मारत नव्हती. घर चालवणारी बाई जशी महिन्याचा हिशेब लावते, तसा ती दरोड्याचा हिशेब लावत होती. कोण काय आणणार, कोणी किती वजन उचलायचं, कुणाचं तोंड सैल आहे, कुणाला धीर द्यायचा... चार बायकांचं भांडण, रुसवे, पुन्हा एकत्र येणं हे सगळं सहा तासांत निवांत उलगडत गेलं. प्रेक्षक अडकले ते दरोड्यापेक्षा या बायकांच्या संसारात.

ही मालिका बघणाऱ्यांत लंडनमधला एक तेरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगाही होता. त्याचं नाव स्टीव्ह मॅक्वीन. मोठेपणी त्याने 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा चित्रपट केला आणि २०१४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याने मुलाखतींमधून सांगितलंय, की या बायकांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं, त्यांच्या दिसण्यावरून त्यांची किंमत केली जात होती, आणि शाळकरी वयात त्यालाही तेच सोसावं लागत होतं. म्हणून ती गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. ऑस्करनंतरच्या आपल्या पहिल्या चित्रपटासाठी त्याने हीच मालिका निवडली. पटकथेला त्याने सोबत घेतलं 'गॉन गर्ल'ची लेखिका जिलियन फ्लिन हिला.

नव्या चित्रपटात लंडनचं शिकागो झालं. डॉलीची व्हेरॉनिका झाली आणि ती भूमिका केली व्हायोला डेव्हिसने. हॅरी मरतो तो मोठी रक्कम मागे ठेवून नाही, तर मोठी देणी मागे ठेवून. त्याने ज्याचे वीस लाख डॉलर लुटले, तो माणूस व्हेरॉनिकाच्या दारात उभा राहतो आणि महिन्याभराची मुदत देतो. लिंडाचं कपड्यांचं दुकान नवऱ्याने परस्पर जुगारात घालवलेलं. अॅलिस नवऱ्याचा मार खाऊन जगलेली. तो गेल्यावर तिची सख्खी आईच तिला श्रीमंत पुरुषांची सोबत करून पैसे मिळव म्हणते. चौथी बेल केस करायच्या दुकानात राबते, वर दुसऱ्यांची मुलं सांभाळते, बस पकडायला धावते. शिवाय शिकागोचं राजकारण, वर्षानुवर्षं एकाच घराण्यात राहिलेली खुर्ची, गोऱ्या पोलिसाच्या गोळीने गेलेला व्हेरॉनिकाचा तरुण मुलगा. एवढं सगळं दोन तास दहा मिनिटांत.

आता प्रतिक्रिया काय आल्या ते बघा. समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं. अभिनयाचं केलं, आणि दरोड्याच्या गोष्टीत वर्ण, पैसा, सत्ता यांचा गुंता गुंफल्याचंही केलं. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारासाठी व्हायोला डेव्हिसला नामांकन मिळालं. ऑस्करच्या यादीत मात्र चित्रपटाचं नाव कुठेच नव्हतं. अमेरिकेत पहिल्या दिवशी चित्रपट बघून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून तिथली सिनेमास्कोर ही संस्था शेरा घेते, शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखा. तो शेरा आला 'बी'. म्हणजे नापास नाही, पण शेजारणीला "अगं, बघच" म्हणून सांगावं असंही नाही. चार कोटी वीस लाख डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाची जगभरची कमाई साडेसात कोटींच्या आसपास थांबली.

त्याच वर्षी जूनमध्ये बायकांच्याच दरोड्याचा आणखी एक चित्रपट आला होता, 'ओशन्स एट'. झगमगीत कपडे, हिऱ्यांचा हार, हसतखेळत चोरी. त्याची कमाई याच्या जवळजवळ चौपट. म्हणजे बायकांनी दरोडा घातलेला लोकांना चालतो. फक्त त्या नटूनथटून, हसत, अंगाला ओरखडा न येता तो घालत असल्या तर! घामाने निथळणाऱ्या, कर्जाने पिचलेल्या, मुलाला कुणाकडे ठेवू या काळजीत असलेल्या बायकांचा दरोडा बघायला गर्दी कमी. जाहिराती बघून धमाल चोरीच्या अपेक्षेने गेलेल्या प्रेक्षकाला दु:खाचा पाढा ऐकावा लागला, तर तो हिरमुसणारच. पण यात चूक दु:खाची म्हणायची की अपेक्षेची?

जुन्या मालिकेवर जीव असलेल्यांची तक्रार वेगळी, आणि मला ती जास्त विचार करण्यासारखी वाटते. राजकारणाच्या भाऊगर्दीत बायकांना एकमेकींसोबत वेळच मिळत नाही. मालिकेत चौघींची मैत्री आंबट-गोड लोणच्यासारखी मुरत जाते. चित्रपटात ती मुरायच्या आत बरणी उघडावी लागते. दोन तासांत हे व्हायचंच, असं म्हणून सोडून देता येईल. पण मला त्याहून मोठा बदल दिसतो तो दरोडा घालण्याच्या कारणात.

डॉलीवर धाक होता, नाही असं नाही. पोलीस मागावर होते, गुंड दारात होते. पण वही विकून मोकळं होण्याचा रस्ताही तिच्यापुढे होता. दरोडा घालायचं तिने स्वतः ठरवलं. हे आपल्याला जमेल, या ईर्षेने ठरवलं. व्हेरॉनिकाला मात्र मरण समोर दिसत असतं. पैसे दिले नाहीत तर जीव जाणार. म्हणजे १९८३ मधल्या बाईला गुन्हा करायला स्वतःची इच्छा पुरली, आणि पस्तीस वर्षांनंतरच्या बाईला मजबुरी लागली! प्रेक्षकांची सहानुभूती तुटू नये म्हणून लेखक बायकांना आधी असहाय करून घेतात की काय, अशी शंका येते. पुरुष दरोडेखोराला कुणी विचारत नाही, "बाबा रे, तुझी काय अडचण होती?" त्याची हौस पुरते. बाईला मात्र पोराचं दूध, घरावरची जप्ती, नवऱ्याचं कर्ज असा दाखला जोडावा लागतो. आपल्या मालिकांतही नायिका घराबाहेर पडते ती संकट आलं म्हणूनच ना?

असं असलं तरी चित्रपटाची बाजूही तेवढीच खरी आहे. मजबुरी खोटी नाही. नवऱ्याच्या पैशावर उभं घर नवऱ्याबरोबर कोसळतं, हे जगात सगळीकडे घडतं. चित्रपट ते गोड करून सांगत नाही. आणि एक गोष्ट तो मालिकेपेक्षा धीटपणे करतो. पन्नाशी ओलांडलेली, गडद रंगाची नायिका आपल्या स्वतःच्या आखूड, कुरळ्या केसांत पडद्यावर येते आणि चित्रपट सुरू होतो तो तिच्या आणि नवऱ्याच्या शृंगाराने. अशी संधी आपल्यासारखीला मिळत नाही, हे व्हायोला डेव्हिसने जाहीरपणे बोलून दाखवलं. गोऱ्या रंगाच्या मलमांच्या जाहिराती बघत मोठ्या झालेल्या आपल्याला यातलं मोल वेगळं समजवायला नको.

(ज्यांना चित्रपट बघायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

मालिका असो की चित्रपट, खरा दणका एकच आहे. हॅरी मेलेलाच नसतो. त्याचं दुसरं बिऱ्हाड असतं, तिथे मूलही असतं, आणि मरणाचं सोंग त्याने आपल्या सोयीसाठी रचलेलं असतं. बायको इकडे त्याच्या आठवणीने उशी भिजवते, त्याची वही छातीशी धरते आणि तो तिकडे सुखात. दरोड्यापेक्षा हा विश्वासघात जिव्हारी लागतो. मालिकेतली डॉली हे कळल्यावर मोडते, सावरते, पुन्हा मोडते. तिच्या हातून हॅरीला गोळी लागेपर्यंत दुसऱ्या भागाचा शेवट यावा लागतो. चित्रपटात तो हिशेब काही मिनिटांत चुकता होतो. जुन्या प्रेक्षकांना हे घाईचं वाटलं, तर नवल नाही. इतक्या वर्षांचा संसार मनातून पुसायला वेळ लागतो, हे बायकांना कुणी सांगावं लागत नाही.

'विधवा' हा शब्द चित्रपटाचं नाव म्हणून वाचताना आपल्याला जे जाणवतं, ते शिकागोच्या प्रेक्षकाला जाणवणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, आणि त्यानंतर राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे हा प्रश्न अगदी परवापरवाचा. कुंकू आणि बांगड्यांइतकीच महत्त्वाची आहे ती मात्र वही. नवऱ्याचं कोणत्या बँकेत खातं आहे, कुणाला जामीन राहिलाय, सोनं कुठल्या पतपेढीत गहाण आहे, विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत, हे कितीजणींना ठाऊक असतं? नवरा गेल्यावर दारात येणारा प्रत्येक सावकार खराच असतो असंही नाही. कायद्याने मृताचं कर्ज वारसांवर येतं ते त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच. बाईने स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच "इथे सही कर" म्हटल्यावर ती करण्याआधी कागद वाचायचा असतो. त्यात नवऱ्यावर अविश्वास कसला?

जुनं चांगलं की नवं, हा वाद चालूच राहील. अॅन मिचेल, म्हणजे जुनी डॉली, नव्या चित्रपटातही एका छोट्या भूमिकेत दिसते. सासूने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात तसं वाटतं ते. सून स्वयंपाक वेगळ्या चवीचा करते, हे जुन्या माणसांना खटकतंच. पण दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी आहे. नवऱ्याने जे कधी दाखवलं नाही, ते बाईने उघडून वाचलं तेव्हाच तिची गोष्ट सुरू झाली. आपण ते वाचायला कुणाच्या मरणाची वाट कशाला बघायची?