व्हायवा पास, अ‍ॅम्प्लिफायर नापास!

मित्रांनो, एक प्रामाणिक प्रश्न. रेक्टिफायरचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनीच केलंय. त्यातली किती रीडिंग्ज खरोखर आपली होती? माझी नव्हती. सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली होती. व्हायवात 'पीक म्हणजे आरएमएस गुणिले १.४१४' असं धडाधड म्हणून दाखवलं आणि मार्क मिळवले.

त्याच सुट्टीत घरी, ऐरोलीला, बाबांच्या जुन्या स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. ठाण्याला आणि मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोड गाठला. टीडीए २०३० आयसी, १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, डायोड घेतले आणि १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे कपॅसिटर मागितले. दुकानदार म्हणाला, "पच्चीसवाला ले जाओ." मी मनात म्हटलं, बारा व्होल्टला सोळा पुरे की! सोळाचेच आणले.

आठवड्याभरात कपॅसिटरची डोकी फुगली. मग कागद घेऊन बसले. १२ गुणिले १.४१४ म्हणजे जवळजवळ १७! दुकानदाराला जे कळत होतं, ते मला नुसतं पाठ होतं.

२५ व्होल्टचे बसवले, तर आवाज वाढवला की गाण्यामागे घूंऽऽ. पुन्हा कागद. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे फुल-वेव्ह रेक्टिफायर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतो. मधल्या वेळात १ अँपिअर ओढला, तर १००० मायक्रोफॅरडवर व्होल्टेज तब्बल १० व्होल्टने घसरतं. ४७०० वर साधारण २ व्होल्टने. ४७०० चे लावले आणि गाणं मोकळं झालं. बाबा म्हणाले, "आता शिकलीस!"

कुणी म्हणेल, तयार सेट दुकानात मिळतो, मग हा खटाटोप कशाला? कारण जर्नलमधली चूक सही होऊन जाते, स्पीकरमधली कानाला टोचत राहते. ती शोधावीच लागते.

म्हणून सर-मॅडमना विनंती: दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल आमच्या मनाचं असू द्या. चुकलेलं रीडिंग कारणासकट लिहिलं, तर त्यालाही मार्क द्या. शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवा, कुणी जाणकार सोबत असू दे. २३० व्होल्टशी हॉस्टेलच्या रूमवर एकट्याने खेळणं बरं नव्हे.

आणि मित्रांनो, दुकानदार पंचवीसचा घे म्हणाला, तर आधी का ते विचारा!