नामावलींतील दुसरें नांव

इटालियन नटी दारिया निकोलोदी २६ नोव्हेंबर २०२० रोजीं रोम येथें वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं निवर्तली. तिच्या हयातींत आणि निधनानंतर तिच्याविषयीं जें जें आमच्या वाचनांत आलें, त्यांत एक शब्द आम्हांस पदोपदीं भेटला. दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो याची ती ‘स्फूर्तिदेवता’ होती, असें लिहिणारे लिहितात. आणि असें लिहिल्यानें बाईचा मोठा सन्मान झाला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत दिसते. ती समजूत चुकीची आहे, इतकेंच नव्हे तर अन्यायाची आहे, असें आमचें म्हणणें आहे. देवतेला नैवेद्य दाखवितात, मजुरी देत नाहींत. आणि निकोलोदीनें केलें तें काम होतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाळाला येथेंच आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. रक्तपाताचे आणि चेटकिणींचे बोलपट, त्यांतली एक नटी, आणि तिच्यासाठीं वाङ्मयीन मासिकाचीं पानें! परंतु भयानक हा भरतानें सांगितलेल्या आठ रसांपैकीं एक आहे, त्यास आपण बाहेर काढलेलें नाहीं. आणि इटलींत तर या जातीच्या कथेचें घराणें छापखान्यांतूनच निघालें. मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेनें १९२९ पासून पिवळ्या वेष्टनाच्या रहस्यकथा काढल्या, आणि ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा, हा शब्दच तिकडे रहस्यकथेचें नांव होऊन बसला. १९६० नंतर मारिओ बावा, आर्जेंतो वगैरे मंडळींनीं तो पडद्यावर नेला. ज्यांना हा प्रकार रुचत नसेल त्यांनीं तो खुशाल पाहूं नये. पण नावडत्याच्या घरींही हिशेब चुकला तर तो चुकलाच म्हणावा लागतो.

निकोलोदी ही फ्लॉरेन्स येथें १९ जून १९५० रोजीं जन्मली. विख्यात संगीतरचनाकार आल्फ्रेदो कासेल्ला याची ती दौहित्री. म्हणजे कोणा दिग्दर्शकानें हात धरून कलेच्या दारांत आणून सोडावी, अशी ही मुलगी नव्हती. आर्जेंतोची गांठ पडण्यापूर्वींच फ्रांचेस्को रोझीच्या १९७० च्या युद्धविरोधी चित्रपटांत ती लहानशा भूमिकेंत दिसली होती, आणि १९७३ सालीं एलिओ पेत्रीच्या ‘मालमत्ता म्हणजे आतां चोरी नव्हे’ या अर्थाच्या नांवाच्या चित्रपटांत तिला मोठी भूमिका मिळाली. त्यांत बँकेंतला एक कारकून एका धनाढ्य खाटकाच्या एकेक वस्तु पळवितो: सुरी, टोपी, आणि त्याच यादींत खाटकाची रखेली अनिता. ही अनिता निकोलोदीनें केली. दुसऱ्याच्या मालकींतली एक चीज म्हणून वावरणारी बाई तिनें अशी रंगविली कीं हंसावें कीं ओशाळावें हें कळूं नये. पुढें तिच्या स्वतःच्या कीर्तीच्या वांट्याला तेंच यावें, हा योगायोग कडवट आहे.

१९७५ सालीं ‘प्रोफोंदो रोस्सो’, म्हणजे ‘गडद तांबडा’, हा आर्जेंतोचा चित्रपट आला, आणि त्यांत ती जान्ना ब्रेत्सी नांवाची वार्ताहर झाली. डेव्हिड हेमिंग्स यानें केलेला पियानोवादक स्त्रीपुरुषांच्या बलाबलाविषयीं तोऱ्यांत बोलतो, आणि ती त्याला पंजा लढवून हरविते. तिच्या मोडक्या लहान मोटारींत बसतांना त्याची बैठक एकाएकीं खालीं जाते आणि तो तिच्या खांद्याखालीं येतो. इतकी हलकी, इतकी नेमकी विनोदबुद्धि या जातीच्या चित्रपटांत क्वचितच सांपडेल. पण इटलीबाहेर धाडतांना चित्रपटांतून वीसएक मिनिटें कापलीं गेलीं, आणि त्यांत बहुतांशीं हींच दृश्यें गेलीं. खून राहिले, विनोद गेला. वर्षानुवर्षें परदेशी टीकाकारांनीं ही कापलेली प्रत पाहून निकोलोदीच्या अभिनयाविषयीं मतें दिलीं. न वाचलेल्या पुस्तकाचें परीक्षण लिहिण्याची चाल केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों; आणि येथें आमचाही एक अपराध सांगितला पाहिजे. थॉमस डी क्विन्सी हा इंग्रज निबंधकार आम्हीं अनेक वर्षें वर्गांत शिकविला आहे. १८४५ सालीं त्याचें ‘सुस्पिरिया दे प्रोफुंदिस’ हें गद्य प्रसिद्ध झालें. त्यांत अश्रूंची, निःश्वासांची आणि अंधाराची अशा तीन दुःखमाता तो कल्पितो. आर्जेंतोचा ‘सुस्पिरिया’ (१९७७) हा चित्रपट नांवापासून याच ग्रंथाचा ऋणी. आणि पुढें ‘इन्फेर्नो’ (१९८०) व ‘तिसरी माता’ (२००७) मिळून त्या तीन माता पुऱ्या झाल्या. महाविद्यालयांतील चित्रपटमंडळापुढें आम्हीं यावर मोठ्या उत्साहानें व्याख्यान दिलें: आर्जेंतोनें डी क्विन्सी कसा पचविला, आर्जेंतोची कल्पना कोठून कोठें गेली, इत्यादि. व्याख्यान संपल्यावर मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, “सर, सुरुवातीला लेखनासाठीं दोन नांवें येतात. दुसऱ्याविषयीं आपण कांहीं बोललां नाहीं.” आम्हीं तें नांव वाचलेंच नव्हतें. दारिओ आणि दारिया हीं नांवें एका अक्षराच्या फरकाचीं आहेत खरीं; पण छापील ग्रंथांतल्या पाठभेदासाठीं विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्या माणसाला ती सबब शोभत नाहीं.

‘सुस्पिरिया’ची कथा आपल्या आजीच्या तोंडून आली, असें निकोलोदी सांगे. आजी तरुणपणीं पियानो शिकण्यासाठीं एका नामांकित विद्यालयांत गेली, तेथें जारणमारण शिकवितात असें तिला आढळलें, आणि ती पळून आली. ही हकीकत खरी कीं रचलेली, याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. रचलेली असेल तर तिचें कर्तृत्व उलट वाढतेंच. पुढें दोघांचें फाटलें आणि कोणी कोणाला काय दिलें याविषयींच्या साक्षी जुळेनाशा झाल्या. अशा वेळीं संशोधक काय करतो? तो आंतल्या पुराव्याकडे वळतो. १९७० पासून १९७५ पर्यंत आर्जेंतोनें चार रहस्यपट केले. चारांतही मारेकरी माणूसच आहे. चेटकीण एकांतही नाहीं. निकोलोदीचा सहवास घडल्यावर लगोलग बायकांनीं चालविलेलें नृत्यविद्यालय, तेथें येणारी एकटी मुलगी, सत्ता गाजविणाऱ्या वृद्धा, आणि भिंतीमागें दडलेली माता, हें सगळें जग एकदम अवतरतें. हें झाड त्या जमिनींत पूर्वीं नव्हतें, मग बीं कोणी आणलें?

यावर एक विद्वान् मित्र आम्हांस म्हणाले, “कथेचें काय मोठेंसें! शेक्सपिअरनें बांदेल्लोच्या कथा घेतल्या. म्हणून कोणी बांदेल्लोला रोमिओ-ज्युलिएटचा कर्ता म्हणतो काय?” म्हणत नाहीं, हें खरें. पण बांदेल्लोच्या कथा १५५४ सालीं बांदेल्लोच्याच नांवावर छापल्या गेल्या होत्या. ज्याला ताडून पाहावयाचें त्यानें आजही पाहावें. घरांतल्या टेबलाशीं बसून लिहिणाऱ्या बाईचें तसें स्वतंत्र पुस्तक नसतें. तिचें सारें लेखन त्या नामावलींतल्या एका ओळींत असतें, आणि ती ओळ गेली कीं बाई गेली. आर्जेंतोच्या कौशल्याला उणें आणण्याची आमची इच्छा मुळींच नाहीं. त्या चित्रपटांतले भडक तांबडे-निळे रंग, गोब्लिन मंडळीचें तें अंगावर कांटा आणणारें संगीत, यांची योजना दिग्दर्शकाचीच, आणि ती असामान्य आहे. पण दोघांनीं मिळून बांधलेल्या घरावर एकाचीच पाटी लावण्याचें कारण त्यांतून निघत नाहीं.

‘इन्फेर्नो’च्या बाबतींत तर पाटीवर तिचें नांव आलेंच नाहीं. तीही कथा आपली, असें ती सांगे. ‘सुस्पिरिया’च्या वेळीं पहिल्या खेळाच्या थोडे दिवस आधींपर्यंत आपलें नांव पडद्यावर येईल कीं नाहीं हें तिला ठाऊक नव्हतें; तसें भांडण पुन्हां करण्याचें त्राण नव्हतें म्हणून, तुम्हांस वाटेल तें करा, कथाच माझ्या वतीनें बोलेल, असें सांगून ती गप्प बसली. जिला नांवासाठीं भांडावें लागलें आणि पुढें थकून सोडून द्यावें लागलें, तिला ‘स्फूर्तिदेवता’ म्हणणारांनीं या एका हकीकतीचा जबाब द्यावा.

आणि नटी म्हणून ती आर्जेंतोच्या छायेंतच वाढली असें म्हणणारांनीं मारिओ बावाचा ‘शॉक’ पाहावा. तोही १९७७ चाच, आणि बावानें चित्रगृहांसाठीं केलेला तो शेवटचा चित्रपट. दोरा नांवाची स्त्री दुसरा नवरा आणि लहान मुलगा यांसह पहिल्या नवऱ्याच्या घरीं परत येते, आणि त्या पहिल्याच्या मृत्यूची आठवण तिचा पाठलाग करूं लागते. भूत म्हणावें असें त्यांत फार थोडें आहे. आहे तें सारें दोराच्या चेहऱ्यावर. बोळाच्या टोकाकडून मूल आईकडे धांवत येतें, ती मिठींत घेण्यास वांकते, आणि मुलाच्या जागीं मेलेला नवरा उभा ठाकतो. युक्ति अगदीं साधी, गांवच्या जत्रेंतल्या गारुड्याची. पण त्या क्षणीं निकोलोदीच्या तोंडावर आईचें हंसूं पुरतें मावळलेलेंही नसतें आणि किंकाळी फुटलेलीही नसते. तो अर्धा क्षण ज्यानें पाहिला तो तिला ‘किंचाळणारी नटी’ म्हणणार नाहीं.

किंचाळण्याविषयीं बोलावयाचें तर ‘तेनेब्रे’च्या (१९८२) शेवटीं पावसांत उभी राहून ती जी किंचाळते, ती किंकाळी चित्रपट संपला तरी थांबत नाहीं. पुढें ‘फेनोमेना’ (१९८५) मध्यें ती खलनायिका झाली, ‘ओपेरा’ (१९८७) मध्यें दाराच्या छिद्रांतून आलेल्या गोळीनें मेली. एत्तोरे स्कोलाच्या ‘मॅकरोनी’त मास्त्रोयान्नी आणि जॅक लेमन यांच्याबरोबरही ती आहे; पण तें कोणाला आठवत नाहीं. ‘तिसऱ्या माते’त तिची मुलगी आझिया नायिका, आणि ती स्वतः नायिकेच्या मृत आईचें भूत होऊन थोडा वेळ दिसते.

२०१८ सालीं लुका ग्वादान्यीनो यानें ‘सुस्पिरिया’ नव्यानें केला, त्यांत मूळ लेखनासाठीं दोन्ही नांवें आहेत. आमच्या मंडळांत गेल्या वर्षीं जुना चित्रपट पुन्हां दाखविला, तेव्हां जाहीर पत्रकावर आम्हींही दोन नांवें घातलीं. तें पत्रक त्या विद्यार्थिनीस दाखविण्याची इच्छा होती. पण ती परीक्षा देऊन केव्हांच निघून गेली होती.