यात तुझे स्वतःचे काय?

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांच्या बोलीत दोन शब्द नेहमी येतात. पहिला ‘स्क्रॅचबिल्डिंग’, म्हणजे पत्रा, तार, पुठ्ठा अशा कच्च्या मालापासून आरंभ करून वस्तू घडविणे. दुसरा ‘किटबॅशिंग’. सुट्या भागांची पेटी बाजारात मिळते, तिला किट म्हणतात. अशा दोन-तीन पेट्यांतले भाग कापून, घासून, जोडून पेटीवरच्या चित्रात नसलेलेच काही उभे करायचे, त्याचे हे नाव. पहिल्याला प्रतिष्ठा आहे. दुसऱ्याकडे नाक मुरडून पाहण्याची रीत आहे. हा उच्चनीच भाव मला मान्य नाही. आणि तो खेळण्यांपुरता राहिला असता तर त्यावर लिहिलेही नसते. तो आपल्या प्रयोगशाळांपर्यंत येऊन पोहोचला आहे.

मी या छंदात पडलो तो शंटिंगच्या डिझेल इंजिनांमुळे. मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्या इंजिनांचे कौतुक सगळेच करतात. यार्डात डबे मागेपुढे ढकलीत दिवस काढणाऱ्या बुटक्या इंजिनाकडे कोणी वळून पाहत नाही. पण प्रतिकृती करणाऱ्याची खरी परीक्षा तेच घेते. एचओ या रूढ प्रमाणात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे मूळ वस्तूचा सुमारे सत्त्याऐंशीवा भाग. तेहेतीस फुटांचे इंजिन या हिशेबाने जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरचे होते. एवढ्यात मोटर, गिअर आणि वजनासाठी शिसे बसवायचे. वीज रुळांतून चाकांवाटे येते. चाके थोडी आणि जवळजवळ. त्यामुळे सांध्यातल्या निर्वीज तुकड्यावरून लांब इंजिन सहज निघून जाते, हे मात्र तिथेच अडून बसते. शिवाय त्याने गोगलगायीच्या चालीने चालावे ही अपेक्षा! अमेरिकेतल्या अ‍ॅथर्न कंपनीचे ‘हसलर’ नावाचे एक स्वस्त शंटिंग इंजिन होते. त्यात मोटरची गती चाकांना रबरबँडने मिळे आणि ते शर्यतीच्या घोड्यासारखे पळे. हौशी मंडळींनी त्याची यंत्रणा बदलून त्याला चालायला शिकविले.

मी निवडले ते जनरल इलेक्ट्रिकचे ४४ टनी इंजिन. अमेरिकेत ते १९४० पासून बनू लागले. चव्वेचाळीसच टन का? तर १९३७ च्या करारान्वये, चाकांवरचा भार ९०,००० पौंड वा अधिक असेल तर चालकाच्या जोडीला फायरमन ठेवणे तिथल्या रेल्वे कंपन्यांना भाग होते. आणि अमेरिकन ४४ टन म्हणजे ८८,००० पौंड. मध्ये केबिन, दोहो बाजूंना बुटकी नाके, प्रत्येक नाकात एक डिझेल यंत्र, असे त्याचे रूप. मी मोटर, चाके व गिअर एका मोडक्या खेळण्यातून काढले, भिंती अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापल्या, कठडे पितळी तारेचे केले.

एका प्रदर्शनात परीक्षकांनी ते हातात घेतले आणि विचारले, “मोटर विकतची, चाके विकतची, मग यात तुझे स्वतःचे काय?” शेजारच्या टेबलावर बाजारातून अहवालासकट तयार आणलेला प्रकल्प होता. पारितोषिक त्याला मिळाले. त्यात कुठे जोड दिसत नव्हते!

प्रश्न उत्तम होता, पण त्याचे उत्तर सुट्या भागांच्या पावत्यांत सापडणारे नाही. स्क्रॅचबिल्डिंग करणारा तरी पितळेची तार स्वतः कोठे ओढतो? माझे होते ते निर्णय. मोटर केबिनमध्ये ठेवावी तर खिडक्या आंधळ्या होतात. म्हणून ती एका नाकात आडवी घातली. मग तोल साधण्यासाठी शिसे दुसऱ्या नाकात गेले. असे प्रत्येक जोडामागे एक कारण आहे, आणि ते मला सांगता येते.

प्रत्यक्ष रेल्वेचे अभियंते तरी वेगळे काय करतात? भारतीय रेल्वेचे ब्रॉडगेजवरचे शंटिंग इंजिन डब्ल्यूडीएस-६ घ्या. त्याच्या पोटात सहा सिलिंडरचे अल्को यंत्र आहे. त्याच जातीचे यंत्र मीटरगेजच्या वायडीएम-४ लाही होते. अमेरिकेत जुन्या शंटिंग इंजिनातले डिझेल यंत्र काढून टाकतात, जागी वजन भरतात आणि शेजारच्या इंजिनाच्या विजेवर त्याच्या मोटरी चालवितात. त्याला ‘स्लग’ म्हणतात. ही जुळवाजुळव नव्हे तर काय? पण तिला कोणी उसनवारी म्हणत नाही.

आपल्याकडे तर याला पर्यायच नाही. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. एचओ प्रमाणात तो १९.२५ मिलिमीटर होतो. या प्रमाणात सर्रास मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. ही पावणेतीन मिलिमीटरची तफावत सोसायची, की चाकांचे आस लांब करून रूळही स्वतः टाकायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे लागते. आता संगणकावर आराखडा करून इंजिनाचे सबंध घर छापूनही घेता येते. मला तेही वर्ज्य नाही, आराखडा आपला असेल तर.

म्हणून आमच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. प्रत्येक प्रकल्पाबरोबर एक पान मागावे: कोणता भाग कोठून घेतला, त्यात काय कापले, काय बदलले आणि का. तोंडी परीक्षेत त्या ‘का’वर निम्मे गुण ठेवावेत. आणि मित्रहो, आपणही जोड लपविण्याचा खटाटोप सोडून द्यावा. ज्याने वस्तू जुळविली त्याला ते पान भरायला अर्धा तास पुरेल. ज्याने ती विकत आणली, त्याला त्या पानावर दुकानाच्या नावापलीकडे काही लिहिता येणार नाही.