धुमसणे

मागच्या महिन्यात विहारातल्या रविवारच्या वर्गात एका मुलाने वर्तमानपत्र पुढे केले आणि विचारले, "काका, खाली लिहिलंय आग विझली. मग वर 'गाव धुमसतेय' असं का लिहिलंय?" आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, जमाखर्चाच्या वह्यांत वय गेलेले. तेव्हा पोराला काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण शब्द डोक्यातून जाईना.

धुमसणे आम्ही प्रथम पाहिले ते आईच्या चुलीत. पावसाळ्यात ओले सरपण पेट घेत नसे. नुसता धूर. आई फुंकणी घेऊन बसायची आणि डोळे लाल व्हायचे. पण हीच आई रात्री मुद्दाम विस्तव धुमसत ठेवी. निखाऱ्यात गोवरीचा तुकडा, वरून राखेचे पांघरूण. पहाटे राख सारून फुंकर मारली की विस्तव तयार. काडी वाचायची, आणि शेजारीणही गोवरीच्या तुकड्यावर इस्तू घेऊन जायची.

यामागचे शास्त्र साधे आहे. ज्वाला दिसते ती लाकूड तापून निघालेल्या वायूची. धुमसताना मात्र लाकूड किंवा कोळसा स्वतः पृष्ठभागावर हळूहळू जळतो. हवा पुरेशी मिळत नाही, त्यामुळे ज्वाला नाही, पण धूर फार आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही जास्त. त्याला वास नसतो. थंडीत कोळशाची शेगडी घरात घेऊन दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती यामुळेच. माताभगिनींनी हे जरूर ध्यानात ठेवावे. झारखंडातल्या झरिया येथील कोळसा खाणीत १९१६ साली आग आढळली. शंभर वर्षे उलटून गेली तरी जमिनीखाली ती धुमसतेच आहे, आणि वर माणसे राहतात.

आता माणसाकडे वळू. मराठीत राग भडकतो, मत्सराने माणूस जळतो, दुःखाने कुढतो, अन्यायाने पेटून उठतो. धुमसतो कोण? ज्याच्या पोटात विस्तव आहे पण ज्याला हवा नाही, म्हणजे बोलायला जागा नाही, तो. सासरी तोंड मिटून राहिलेली सून धुमसते. साहेबापुढे मान खाली घालणारा शिपाई धुमसतो.

व्याकरणाची एक गोष्ट आम्हाला टोचली. 'पेटवणे' म्हटले की पेटवणारा कोण, हे विचारावे लागते. धुमसणे अकर्मक. 'वस्ती धुमसतेय' असे छापले की काम झाले. आग कोणी लावली हा प्रश्नच उरत नाही. जणू वस्तीलाच तो रोग. पण आपल्या भाषेत 'धुमसत ठेवणे' असाही प्रयोग आहे, आणि तिथे ठेवणारा असतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे जळाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सुमारे साडेपंधरा वर्षे प्रश्न आपोआप धुमसत नव्हता. तो धुमसत ठेवला गेला. त्या मुलाला पुढच्या रविवारी आम्ही हे सांगितले.

परंतु दुसऱ्याच्या चुलीची राख उकरताना आपलीही पाहावी. काही वर्षांपूर्वी कचेरीत बढतीच्या यादीतून आमचे नाव गळाले. आमच्यानंतर लागलेल्यांची नावे होती. आम्ही कोणाला काही बोललो नाही. बाहेर हसून चहा पीत होतो. एके दिवशी मुलीच्या हातून दूध सांडले आणि आम्ही तिच्यावर असे ओरडलो की पोर दोन दिवस समोर आली नाही. मुलीची आई रात्री म्हणाली, "अहो, विस्तव तिथला आणि धूर आमच्या डोळ्यांत का?" आम्हाला उत्तर सुचले नाही. फुंकणी घेऊन बसलेली आई तेवढी आठवली.

मज्झिम निकायात वम्मिक सुत्त आहे. त्यात भिक्षू कुमार कस्सप एक कोडे घेऊन भगवंतांकडे येतो. एक वारूळ रात्री धुमसते आणि दिवसा पेटते, याचा अर्थ काय? भगवंत उलगडून सांगतात की वारूळ म्हणजे हे शरीर. दिवसा केलेल्या कामांवर रात्री माणूस विचार करीत राहतो, ते धुमसणे; आणि त्या विचारानुसार दिवसा कामाला लागतो, ते पेटणे. पुढे ते वारूळ खणताना एक फुगणारा बेडूक सापडतो. तो क्रोध. त्याला बाहेर टाकून आणखी खणायचे आहे.

म्हणजे रात्रीचे धुमसणे हा दोष नव्हे. आईसुद्धा विस्तव राखेखाली जपत होती, पण सकाळी चूल पेटवण्यासाठी. दिवस उजाडला तरी जो नुसता धूर करीत बसतो, तो घरच्यांचे डोळे जाळतो आणि भाकरही भाजत नाही.

त्या रात्री आम्ही सेवाज्येष्ठतेची यादी, नेमणुकीच्या तारखा आणि नियम समोर घेऊन एक पानी अर्ज लिहिला. सकाळी तो नोंदवहीत चढवून पोच घेतली. मुलीची माफीही मागितली. ती लगेच हसली. अर्जाला मात्र तीन स्मरणपत्रे झाली आहेत. चौथे येत्या सोमवारी देणार आहोत.

वाचकहो, आपल्याही घरात कोणी गप्प गप्प असेल तर आज जेवताना एवढे विचारा, "काय झालं?" आणि सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.

जयभीम.