‘आठ महिने’ म्हणजे नेमके किती?

‘डॉक्टर, किती दिवस हातात आहेत?’ कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक रुग्णाला बाहेर बसवून हा प्रश्न विचारतात. उत्तर मिळते, ‘साधारण आठ महिने.’ घरी पोहोचेपर्यंत त्यातले ‘साधारण’ गळून पडते आणि आठ महिने ही मुदतच होऊन बसते. यात दोष नातेवाइकांचा नाही, अर्धवट सांगितलेल्या आकड्याचा आहे.

समजा, एकाच आजाराचे सात रुग्ण निदानानंतर २, ३, ३, ८, १४, ३० आणि ८० महिने जगले. बेरीज १४०, तिला सातने भागले की सरासरी २० महिने. चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा ८, हा मध्यक. सर्वाधिक वेळा आलेला आकडा ३, हा बहुलक. रुग्ण तेच, पण ‘साधारण किती’ याची उत्तरे तीन आणि तिन्ही बरोबर!

सरासरी फुगली ती मुख्यतः ८० महिने जगलेल्या एका रुग्णामुळे. सातपैकी पाच जण २० महिन्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत. मध्यकाला असा धक्का बसत नाही. ८०च्या जागी १८० असते तरी तो आठच राहिला असता. म्हणून वैद्यकीय संशोधनात जगण्याचा कालावधी बहुधा मध्यकाने मांडतात. पण त्याचा अर्थ एवढाच, की निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यापुढे जगतात. किती पुढे, हे तो सांगत नाही.

अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. त्यासाठीचा मध्यक होता आठ महिने. वय कमी, निदान तुलनेने लवकर, उपचार उत्तम. तेव्हा आपण मध्यकाच्या पलीकडच्या लांब शेपटीत असू शकतो, असे त्यांनी ताडले. ते आणखी २० वर्षे जगले आणि २००२मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले.

प्रत्येकाचे असे होईल, असे मुळीच नाही. निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या अलीकडेही असतात, हे लपवणे ही फसवणूकच. पण कर्ज काढून उपचार करायचे का, मुलीचे लग्न अलीकडे घ्यायचे का, शेताची कागदपत्रे कधी करायची, हे सारे त्या एका आकड्यावर ठरत असते. म्हणून डॉक्टरांनी एक आकडा न देता पल्ला सांगावा : लवकर गेलेले किती, बराच काळ जगलेले किती आणि आपला रुग्ण कोणत्या गटाच्या जवळचा. त्यासाठी पाच मिनिटे जास्त लागतील, तेवढी द्यायलाच हवीत. आणि डॉक्टरांनी आपणहून सांगितले नाही, तर नातेवाइकांनी न संकोचता विचारावे : ‘हा आकडा सरासरी की मध्यक? आणि त्यापुढे किती जण गेले?’