चंद्रावरचं पाणी कुणाच्या मालकीचं?

चंद्रावर पाणी आहे, हे २००८ साली सोडलेल्या चांद्रयान-१ ने दाखवलं. त्यापासून रॉकेटचं इंधन करता येईल. अशी अंतराळातली साधनं काढायची नि वापरायची कशी, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये २०१८ पासून शिकवतात, थेट पीएचडीपर्यंत.

'आपल्याला काय त्याचं?' असं आपलेच लोक विचारतात. आपल्याला आहे!

१९७९ चा चंद्र करार ही संपत्ती साऱ्या मानवजातीची मानतो. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, पण मंजुरी दिलीच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा करून टाकला, जी कंपनी काढेल तिची मालकी. २०२३ मध्ये आपण अमेरिकेच्याच आर्टेमिस करारात गेलो. कागदावरच्या 'सर्वांचं' या शब्दाची किंमत महाडने शिकवली आहे. १९२३ चा बोले ठराव असूनही चवदार तळ्याचं पाणी घ्यायला १९२७ ला सत्याग्रह करावा लागला.

म्हणून हे विज्ञान आणि हा कायदा शिकणारे आपल्यातलेही हवेत. देहूरोडची पोरं चाकणला कंत्राटावर राबतात, ती बुद्धीने कमी आहेत म्हणून नव्हे. राज्याची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती-नवबौद्धांतल्या वर्षाला ७५ जणांना. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागतं. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात पोहोचले तेही शिष्यवृत्तीवरच. जागा वाढवा, पैसे वेळेवर द्या. वाटणी झाल्यावर हक्क मागत बसण्यापेक्षा वाटणीच्या वेळीच तिथे हजर राहू.

जय भीम!